सरबताच्या बाटलीतली बर्बन

आमच्या मित्रमंडळींत व्हिस्कीची नवी बाटली उघडली की पहिला घोट मला देतात. आता तो रिवाजच झालाय. मी ग्लास नाकाशी धरते, डोळे मिटते आणि काय काय येतंय ते सांगते. आयरिश असेल तर सोललेल्या नाशपातीचा वास — हलका, जरासा ओलसर. धुरकट स्कॉच असेल तर विझलेल्या बंबाची राख. अमेरिकन राय व्हिस्की म्हणजे भरडलेले मिरे, आणि मागाहून बडीशेप. मंडळी हसतात, पण एक घोट घेऊन मान डोलावतात.

बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, आली की मात्र मी काहीतरी थातुरमातुर बोलते. गोड आहे, छान आहे — बस. खरं तर बर्बनमधलं मला जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातलंच कळत नाही. मग का बोलत नाही? ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. अभयला, माझ्या नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच.

पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्या भराभर वाढत होत्या तेव्हाची गोष्ट. लग्नानंतर थोड्याच दिवसांत कंपनीनं मला कामासाठी अमेरिकेत पाठवलं, केंटकीला. एका शनिवारी तिथली एक सहकारी बर्बन बनवतात ती जागा दाखवायला घेऊन गेली. मी नुसती बघायला म्हणून गेले होते. मोठं लाकडी गोदाम, पिंपांच्या रांगा, आणि तो वास — मी दारातच थांबले. माझ्या आजोळी गुऱ्हाळावर रस आटत आला की असा वास यायचा. मग त्यांनी छोट्या ग्लासात घोटभर दिली. आधी नुसती जळजळ. मग काकवी. मग निखाऱ्यावर भाजलेलं मक्याचं कणीस. गिळल्यावर बऱ्याच वेळानं नव्या सागवानी कपाटाचं दार उघडावं तसा लाकडाचा वास, आणि जिभेच्या कडेला दालचिनी. एका घोटात एवढं सगळं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला चढायला नको होती — विश्वास ठेवा अगर ठेवू नका. मला ते सगळं पुन्हा ओळखून बघायचं होतं.

येताना बॅगेत कपड्यांच्या घडीत एक बाटली आणली. तोवर अभय कामासाठी जर्मनीला गेला होता. सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये सासू-सासरे, धाकटा दीर नितीन आणि मी. सासरे शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. आमच्या घरात दारू हा शब्दही कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. त्याला कारण होता नितीन.

तो फार प्यायचा. नोकऱ्या गेल्या, मित्र गेले, ठरलेलं लग्न मोडलं. मग तो व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि त्यानं दारू सोडली. मी घरात आले तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. चष्म्याच्या दुकानात कामाला लागला होता. संध्याकाळी घरी येऊन आईंना भाजी निवडून द्यायचा, माझ्याशी क्रिकेटवर वाद घालायचा. बाबांनी त्याच्याकडून काढून घेतलेली घराची किल्ली त्याला परत दिली होती. त्या दिवशी आईंनी शिरा केला होता — का, ते कोणीच बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

अशा घरात मी बाटली आणली.

लेबल दिसायला नको म्हणून मी ती बर्बन कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतली आणि माळ्यावर, फराळाच्या भांड्यांमागे ठेवली. ही युक्ती माझी नव्हती. नितीन पीत होता तेव्हा अशाच बाटल्यांत भरून ठेवायचा, हे आईंनीच मला सांगितलं होतं. मी असं का केलं? ऑफिसात माझं कुलपाचं कपाट होतं. मैत्रिणीचं घर होतं. सापडलीच तर कोणावर शेकेल, हे तेव्हा माझ्या मनात कुठेतरी होतं का? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलंय. नव्हतं, असं ठामपणे म्हणता येत नाही.

शनिवारी दुपारी सासू-सासरे व्याख्यानाला जायचे, नितीन दुकानात असायचा. मी स्टुलावर चढून बाटली काढायची आणि दोन बोटं ओतून खिडकीशी बसायची. कधी थेंबभर पाणी घालायची — मग त्यातून कस्टर्डचा वास वर यायचा. फार सुखाच्या दुपारी होत्या त्या. हे लपवून काय उपयोग?

दिवाळीच्या आधी आईंनी नितीनला माळ्यावरून सोऱ्या काढायला सांगितला. तो स्टुलावर चढून एकेक वस्तू खाली देत होता. भांड्यांमागची ती बाटलीही त्यानंच दिली. सरबत खराब झालं का बघायला आईंनी बूच उघडलं आणि त्या खालीच बसल्या.

स्वतः लपवलेली बाटली कोणी आपल्या हातानं आईच्या हातात देईल का? हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं.

बाबा आतून आले. त्यांनी बाटली हुंगली. आवाज चढवण्याची त्यांना सवय नव्हती.

"तीच बाटली, तोच माळा," ते म्हणाले. "निदान जागा तरी बदलायचीस."

"बाबा, ही माझी नाही."

"मग कोणाची? तुझ्या वहिनीची?"

"काहीतरीच काय बोलता अहो," आई म्हणाल्या.

मी ओट्याशी चकलीची भाजणी मळत होते. माझे हात कोपरापर्यंत पिठात होते. नितीननं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग तो स्टुलावरून उतरला. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. प्रश्नही बाबांनीच विचारला होता, उत्तरासकट. मी पिठात आणखी पाणी घातलं.

बाबांनी ती बर्बन बेसिनमध्ये ओतली. सगळं स्वयंपाकघर वासानं भरून गेलं — काकवी, मका, लाकूड. इतका स्वच्छ तो मला त्याआधी कधीच आला नव्हता. मग त्यांनी नितीनपुढे हात केला आणि त्यानं खिशातली किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. संध्याकाळी तो बॅग घेऊन गेला. भाजणी सैल झाली होती, चकल्या तुटत होत्या, आणि आई रडत रडत त्या तळत होत्या.

अभयला फोनवर कळलं. तो म्हणाला, हा काही सुधारायचा नाही. मी 'हं' म्हटलं.

नितीन वारज्याला खोली घेऊन राहिला. पुढे त्यानं तिथेच चष्म्यांचं छोटं दुकान टाकलं, लग्न केलं. आई चोरून त्याला भेटून यायच्या. बाबा कधी गेले नाहीत. काही वर्षांनी आई वारल्या. थोरल्यानं नाव काढलं, धाकट्यानं घालवलं, असंच त्या धरून गेल्या.

त्यानंतर एकदा मी चष्मा करायचं निमित्त काढून एकटीच वारज्याला गेले. नितीननं नंबर तपासला, चहा मागवला. काच पुसता पुसता, हवापाण्याचं बोलावं तसं तो म्हणाला, "वहिनी, मला तेव्हाच माहीत होतं. शनिवारी मी आलो की तुम्ही चहा द्यायचात. पिणाऱ्याला वास कळतो."

मग बोलला का नाहीस, असं मी विचारलं — असं विचारण्याची माझी हिंमत तरी बघा.

"माझं कोणी ऐकलं असतं?" तो म्हणाला. "आणि वाटलं, तुम्ही बोलाल."

घर सोडलं त्या संध्याकाळी तो एका बारसमोर बराच वेळ उभा होता. आत गेला नाही. त्यानंतरही कधी प्यायला नाही. हे त्यानं मी विचारलं म्हणून सांगितलं, नाहीतर सांगितलंही नसतं. मी रडले. बाबांना आजच सांगते, म्हणाले. तो म्हणाला, ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुम्हाला वाटेल, माझा अपराध भाजणी मळतानाचा. त्या दिवशी मी घाबरले होते, नवी सून होते. ते एक वेळ समजून घेता येईल. पण वारज्याहून परत आल्यावर मी काय केलं? बाबा हॉलमध्ये वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी त्यांना विचारलं, रात्री खिचडी चालेल का. ते त्यानंतर बरीच वर्षं जगले. येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं कौतुक सांगायचे — सून मिळावी तर अशी. मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होते. मला कशाची भीती होती? घराबाहेर मला कोणी काढलं नसतं. फक्त ते कौतुक गेलं असतं.

शेवटी बाबा हॉस्पिटलमध्ये होते. नितीनला बोलावून घ्या म्हणाले. तो आला, तेव्हा अभय आणि मी खोलीतच होतो. बाबांनी त्याला खुणेनं जवळ बोलावलं, आणखी जवळ. त्यानं वाकून चेहरा त्यांच्या तोंडापाशी नेला. मला वाटलं, काही कानात सांगायचं असेल. बाबा त्याचं तोंड हुंगत होते. नितीन कळून-सवरून तसाच वाकून राहिला. केस पांढरे व्हायला लागलेला माणूस.

"सोडलीस?" बाबांनी विचारलं.

"हो, बाबा."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. घराबाहेर काढलं म्हणून सुधारला."

नितीननं मान हलवली. हो म्हणून. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

मी बाबांच्या डोक्याखालची उशी सारखी केली.