क्राऊन-पिनियनला लागलेला शेंदूर

खरं सांगतो, त्या दिवशी माझा देवावर काडीचाही भरवसा नव्हता. लकव्यानं बायकोचा उजवा हात लुळा पडला आणि वाचाही गेली. सात महिने राळेगावच्या आमच्या घरात तिचा शब्द नाही. तिला मात्र एकच ध्यास, आर्णीच्या पलीकडं माहेरच्या मारुतीला शेंदूर वाहायचा. खुणा करकरून तिनं मला भंडावून सोडलं होतं. ज्यानं बोलणं नेलं त्याच्याच दारात कायले जायचं, म्हणून मी चिडायचो.

शेवटी एका शनिवारी निघालो. आमची मोठी एसयूव्ही पंधरा वर्षांची. लेकरं लहान असताना याच गाडीनं आम्ही तिच्या माहेरी जायचो. मागं पोरांचा दंगा, डब्यात तिनं केलेल्या दशम्या, आणि राळेगावपासून आर्णीपर्यंत तिची अखंड टकळी. कुणाचं लग्न जमलं, कुणाच्या तुरी भरल्या, सगळं सांगायची. “अवं, जरा तोंड मिटून बस ना!” असं मी किती वेळा ओरडलो असेन. त्या सकाळी ती शेजारी शेंदराची पुडी मांडीवर घेऊन गप्प बसली होती, आणि मला स्वतःचीच लाज वाटत होती.

त्यात गाडीनं छळ मांडला. मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गोळ्यात, आठवड्यापूर्वीच दातेरी चाकांची नवी जोडी टाकली होती. क्राऊन-पिनियन म्हणतात तिला. तरी आवाज वाढतच गेला. आर्णी येईस्तोवर गाडी पिठाच्या गिरणीसारखी घरघरू लागली. रस्त्याकडेला एक गॅरेज दिसलं, तिथं थांबलो. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सगळे रहीमचाचा म्हणत होते.

चाचांनी गोळा उतरवून उघडला. “भाऊ, जोडी नवी हाये, पन जमली नाही. दातावर दात बराबर बसून नाही राह्यला. अशीच चालवली तर घाटात चाकं जाम होतीन.”

दात कुठं टेकतो ते पाहायला तेलात कालवून रंग लावावा लागतो, आणि त्यांचा रंग नेमका संपला होता. त्यांचं लक्ष बायकोच्या मांडीकडं गेलं. “शेंदूर हाये ना तो? आमचे उस्ताद शेंदूरच लावत होते.”

माझं टाळकंच सरकलं. “चाचा, देवाचा हाये तो! गिअरले लावता काय?”

चाचा परत गोळ्याकडं वळले. बायकोनं मात्र डाव्या हातानं पुडी उचलली आणि त्यांच्यापुढं धरली. चाचांनी आधी हात साबणानं धुतले, पुसले, मग दोन्ही हातांनी पुडी घेतली. ते पाहून माझी मान खाली गेली.

शेंदूर दातांना लावून त्यांनी चाक फिरवलं. खूण दाताच्या टोकावर आली. आत पातळ चकती टाकली, पुन्हा जोडलं, पुन्हा फिरवलं. असं तीनदा केलं. मी येरझारा घालत होतो. “बसा ना भाऊ,” चाचा म्हणाले, “आपल्या घाईनं जमत नाही ते. दात सोताच सांगते कुठं बसाचं.” चौथ्यांदा खूण दाताच्या मधोमध उमटली. कडुनिंबाखाली खुर्चीत बसलेली बायको हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा हसली हो!

दुपार कलल्यावर निघालो. गाडी इतकी शांत झाली होती, की वाऱ्याचा आवाज ऐकू येत होता. पुढं घाट लागला. मी सवयीनं वळणावर वेगानं गाडी घातली. तेवढ्यात शेजारून जाड, अडखळता आवाज आला.

“हऽऽळू.”

मी गाडी कडेला घेतली आणि लहान पोरासारखा रडलो.

डॉक्टर म्हणतात, हे व्हायचंच होतं. असेल. कदाचित ती आधीपासूनच पुटपुटत असेल, गाडीच्या घरघरीत मलाच ऐकू गेलं नसेल. मी वाद घालत नाही. मारुतीपुढं उरलेला चिमूटभर शेंदूर ठेवला आणि आयुष्यात प्रथमच काहीही न मागता नमस्कार केला. देव आपल्या घाईनं चालत नाही, एवढं त्या दिवशी कळलं.

आता ती रोज चार-दोन शब्द बोलते. त्यातले निम्मे मला रागावण्यातच जातात. मी गाडी हळू करतो, आणि म्हणतो, “बोल अजून.”