गंगम्माचे उपडे रांजण

निवृत्ती मूळचा नांदेडकडच्या उमरीचा. आरोग्यसेवकाची नोकरी लागली ती कोकणात, संगमेश्वराकडे. आणि पुढची नऊ वर्षे त्याने घराकडे बदली मागण्यात घालवली. मागितले नांदेड, मिळाले लातूर, त्यातही उदगीर. नांदेडला जागा नाही, असे उत्तर आले. आमच्या भागातली बदली बाहेरच्या अधिकाऱ्यांना शिक्षा वाटते, आणि इथल्या मुलांना मात्र तीच बदली हात जोडून मागावी लागते. तरीही निवृत्ती आईला, नागुबाईला, घेऊन आनंदाने आला.

खोली मिळणे सोपे नव्हते. जिथे जिथे आडनाव विचारले गेले, तिथे तिथे ते ऐकल्यावर खोली आदल्याच दिवशी गेल्याचे कळले. घरमालकीण गंगम्माने मात्र आडनाव विचारलेच नाही. ती लिंगायत, विधवा, बोलण्यात निम्मी कानडी. नागुबाईकडे पाहून ती एवढेच म्हणाली, "आई संगं हाय न्हवं? मंग ऱ्हावा."

दोन हजार सोळाच्या त्या उन्हाळ्यात नळ केव्हाच बंद पडले होते. टँकर येईल तेव्हा पाणी. चौकात उदगीर जिल्हा होणार, याची चर्चा दरवर्षीसारखी रंगली होती. जिल्हा झाला की योजना येईल, योजना आली की पाणी येईल, असा लोकांचा हिशेब. निवृत्ती ओट्यावर बसून कोकणातल्या विहिरी, सांगलीकडची उसाची शिवारे आणि आपली भेगाळलेली रानं यांची तुलना करी आणि सरकारला धारेवर धरी. नागुबाई एकदा वैतागून म्हणाली, "तिकडं एवढं होतं तर आलास कशाला, कोकन्या?" त्यावर गंगम्मा तोंडाला पदर लावून हसली होती.

गंगम्माला या तुलनेची वेगळीच धास्ती होती. तिची लेक शिवकांता मिरजेला, त्या सांगलीकडेच, दिलेली, पहिलटकरीण. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण लातूरला रेल्वेने पाणी येऊ लागले ते नेमके मिरजेहून, आणि विहीणबाईंनी फोनवर टोला हाणला की आमचे पाणी तुमच्याकडे येते, मग सुनेने तिकडे जाऊन काय प्यायचे?  बाळंतिणीला आणि बाळाला रोज कढत पाण्याचे न्हाणे लागते, म्हणून गंगम्मा टँकरच्या पाण्यातून थोडेथोडे राखू लागली. स्वतः ओल्या फडक्याने अंग पुसून घेई. बघता बघता अंगणातले तिन्ही रांजण भरले.

त्याच सुमारास गावात डेंग्यूचे रुग्ण निघाले आणि आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करून सुकवण्याचा दिवस, कडक झाला. त्या सकाळी गंगम्मा निलंग्याला नात्यातल्या मयतीला गेली होती. निवृत्तीने बॅटरी मारून रांजणात पाहिले. अळ्या वळवळत होत्या. गल्लीतल्या बायका बघत होत्या. स्वतःचेच घर सोडले, असे कुणी म्हणू नये, म्हणून त्याने एकामागून एक तिन्ही रांजण उपडे केले. कोकणात तो हेच करीत आला होता. तिथे पावसाळ्यात उपडा केलेला रांजण सुलटा करून पागोळीखाली सरकवला की दुपारपर्यंत भरतो. टाकता न येणारे पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे, रांजण घासून पुन्हा भरावा, हेही त्याला ठाऊक होते. नऊ वर्षे तो ते लोकांना सांगत होता. करण्याची वेळ कधी आली नव्हती. पाणी अंगणातून गल्लीत गेले, तेव्हा एक बाई घागर घेऊन धावली. तिच्या हाती चिखल लागला.

सगळ्या राज्याला एकच नियम लावणाऱ्यांना दोष देणे त्याला सहज जमले असते. त्या दिवशी ते जमेना.

गंगम्मा सांजेला आली. रांजणांकडे बघत उंबऱ्यावर टेकली.

"अळ्या व्हत्या का?"

"होत्या."

"मंग बराबर केलास, तम्मा."

तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, असे न म्हणता ती भांडली असती तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी टँकर आला, तेव्हा निवृत्ती आपल्या वाट्याच्या घागरी घेऊन तिच्या दारात गेला. तिने त्या घेतल्या नाहीत. घरात म्हातारे माणूस आहे, परत ने, म्हणाली. तो घागरी घेऊन परतला आणि आईला म्हणाला की आपल्या हातचे पाणी तिला चालत नसेल. म्हणताना त्याला जरा हलके वाटले. तसे असते, तर रागावता आले असते.

नागुबाईने भाकरी थापता थापता हात थांबवला. "तिनं आपलं आडनाव इचारलं न्हाई, अन तू तिच्या न्हाई म्हनन्यात जात धुंडाळून राहिलास?"



आठवडाभराने गंगम्माने मिरजेला फोन लावून आपण होऊन सांगितले की शिवकांताला पाठवू नका, मीच येते. आईने पहिल्या बाळंतपणाला लेकीच्या सासरी जाऊन राहणे, तिथले अन्न खाणे, म्हणजे आमच्याकडे मान खाली घालणे. तिने डिंकाचे लाडू आणि बाळाची कुंची एका पिशवीत भरली. पिशवी घेऊन निवृत्ती बसस्थानकावर गेला. लातूरच्या गाडीत त्याने तिला खिडकीजवळ बसवले.

"तम्मा, तू लई मुलूख बगितलास," ती म्हणाली. "तिकडं आई लेकीच्या घरी ऱ्हायली, तर लोक काय म्हनतेत?"

विहिरी, रस्ते, दवाखाने, सगळे त्याने ताडून पाहिले होते. ही गोष्ट त्याने कुठल्याच मुलखात कुणाला विचारली नव्हती.

"काही म्हणत नाहीत," तो म्हणाला. "तिकडं चालतं."

गंगम्माच्या खांद्यांवरचा ताण उतरला. "मंग बरं," म्हणत तिने पिशवी मांडीवर घेतली. वाहकाने घंटी दिली. तिने आपल्यावर विश्वास ठेवला, हे बघून निवृत्तीला गाडीबरोबर चार पावले चालण्याचेही धैर्य झाले नाही.