दाजींची दोन माणसांची गाडी

बैलाच्या पोटाला कान लावता लावता मोटारीच्या इंजिनाचं दुखणं ओळखायला शिकलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आम्ही घरचे त्यांना दाजी म्हणतो, बोरी गाव त्यांना डॉक्टर म्हणतं. जनावरांच्या दवाखान्यातून ते निवृत्त झाले त्याला आता काही वर्षं झाली, पण गावाने ती निवृत्ती मनावर घेतली नाही आणि त्यांनी तर मुळीच नाही. कुणाच्याही घरी गेले तरी आधी गोठ्यात जातात, तिथल्या मंडळींची विचारपूस करतात आणि मग हात धुऊन माणसांकडे वळतात. अक्काला बघायला आले होते तेव्हाही असंच झालं. बैठकीत पोह्यांच्या बश्या गार होत होत्या आणि नवरामुलगा आमच्या गाईचा जबडा उघडून दात तपासत होता. दातात अडकलेली बाभळीची काडी त्यांनी चिमट्याने काढली. दोन दिवस चारा टाकून बसलेली गाय संध्याकाळी कडब्याला लागली, आणि वडिलांनी त्याच दिवशी होकार कळवला. अक्का अजून म्हणते, "मला बघितलंच कुठं यांनी? गाईला बघून गेले."

अशा माणसाच्या हाती म्हातारपणी स्पोर्ट्स कार लागावी हा योगच विचित्र. हैदराबादला त्यांचा एक कॉलेजातला मित्र होता. तो मुलीकडे परदेशी कायमचा राहायला निघाला, आणि अंगणात ताडपत्रीखाली कित्येक वर्षं उभी असलेली आपली गाडी त्याने दाजींना देऊन टाकली. परदेशी बनावटीची, डाळिंबी रंगाची, दोनच दारं, दोनच माणसांची बैठक, वर कापडी टप. ती भंगारात गेलेली त्याला बघवली नसती, आणि आजारी जीव दाजींच्या हवाली करायचा ही त्याची कॉलेजपासूनची सवय होती. दाजींनी ती तिथेच चालती करून घेतली आणि दोन दिवस वाटेत थांबत थांबत बोरीला आणली. गाव बघायला लोटलं. ज्या रस्त्यावर एकेका जीपमध्ये पंधरा-पंधरा माणसं बसतात, तिथे एवढ्या लांबलचक गाडीत दोनच माणसं, हे कुणालाच पटेना. बसायला गेलं की माणूस जवळजवळ जमिनीवर टेकायचा. एका म्हाताऱ्याने चारी बाजूंनी फिरून निकाल दिला, "ही बसून न्हाई, झोपून हाकायची गाडी हाय."

पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने दाजींनी अक्काला बसवलं. जिंतूरच्या रस्त्याला पाच-सहा किलोमीटर जाऊन ते परत आले. खड्ड्याखड्ड्याला तिची कंबर हिंदकळली, एका वळणावर समोरून ट्रक आला तेव्हा गाडी भलतीकडेच ओढ घ्यायला लागली, आणि दारात उतरल्यावर पदर सारखा करत ती एवढंच म्हणाली, "या गाडीत मी परत बसायची न्हाई." आवाज चढवला नाही, भांडली नाही. सरळ जाऊन चुलीवर भाकरीचा तवा ठेवला. पण पस्तीस वर्षं जीपच्या मागच्या बाकड्यावर अंग चोरून बसत आलेल्या बायकोसाठीच ती दोन माणसांची गाडी त्यांनी आणली होती, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या मनाने असं घेतलं, की गाडीत दम नाही म्हणून अक्काला ती आवडली नाही. गाडी जोमात आणायची, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

पहिली सुधारणा कोणती करायची, यावर मग तीन-चार महिने खल चालला. दाजींनी दवाखान्यातल्या जुन्या केसपेपरांचा एक गठ्ठा जपून ठेवला होता. त्यातला एक काढून त्यांनी लिहिलं: पेशंट, मादी, वय तीसच्या पुढं, रंग डाळिंबी, भूक बरी, दम कमी. रोज सकाळी ते स्टेथॉस्कोप घेऊन बॉनेट उघडायचे आणि एकेक ठोका ऐकायचे. गरम इंजिनाच्या पाण्यात जनावरांचा थर्मामीटर बुडवायचा प्रयोगही एकदा झाला, त्यात थर्मामीटर फुटला. मी परभणीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. गाडीतलं मला काही कळत नाही, पण मत विचारलं की देतो. मी म्हणालो, आधी आवाज भारदस्त करा. परभणीतले त्यांचे मिस्त्री, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांचं म्हणणं निराळं होतं. पाना हातात घेऊन ते शांतपणे म्हणाले, "डाक्टरसाब, पैले इसकू सांस दो. फिर देखो कैसी भागती." म्हणजे हवा आत ओढणारा मोठा फिल्टर बसवायचा आणि धूर झटकन बाहेर सोडणारा नवा सायलेन्सर. दाजींना श्वासाची भाषा लगेच पटली. दोन्ही वस्तू पुण्याहून मागवल्या.

त्या आल्या त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर होतो. उस्तादांनी फिल्टर बसवून दिला. सायलेन्सर जोडायला लागणारी पट्टी आली नव्हती, म्हणून तो आडवा माझ्या मांडीवर घेऊन आम्ही बोरीकडे निघालो. नुसत्या फिल्टरनेसुद्धा गाडीला हुशारी आली होती. दाजी लहान मुलासारखे हसत होते. झरीच्या पुढे एका वळणावरून गाडी बाहेर पडली आणि समोर रस्ताभर मेंढरं. दाजींनी ब्रेक दाबला. पाय खाली गेला, पण गाडीला ते जरा उशिरानेच कळलं. ती डावीकडे ओढत, घसटत गेली आणि कळपात नाक खुपसून थांबली. माझ्या मांडीवरचा सायलेन्सर पुढच्या फळीवर आदळला. मग इंजिन बंद पडलं आणि नुसतं बें-बें ऐकू यायला लागलं.

एक मेंढी खाली बसली होती. दाजी दार उघडून उतरले ते सरळ तिच्याजवळ मातीत बसले. गुडघा खरचटला होता, हाड शाबूत होतं. खिशातला स्टेथॉस्कोप त्यांनी तिच्या बरगड्यांना लावला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. मेंढरं राखणारी बाई साठीच्या पुढची असेल. ती त्यांना ओळखत होती. एका वाईट वर्षी तिचा निम्मा कळप दाजींनीच वाचवला होता. ती रागावेल असं मला वाटलं. ती काठी टेकून त्यांच्याजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "डॉक्टर, गाडी लय झ्याक हाय. पण पळायचं मागून बघा. आदी हिला थांबायचं शिकवा."

हजारो जनावरांना दाजींनी हात लावला असेल, पण आपल्यामुळे खाली बसलेलं जनावर त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. घरापर्यंत ते बैलगाडीच्या वेगाने आले. दारात गाडी थांबवल्यावर म्हणाले, "मेव्हणे, जन्मभर लोकांना सांगत आलो, तपासल्याबिगर टॉनिक देऊ नका. अन् मी काय केलं?" दुसऱ्या दिवसापासून पुढचे आठ दिवस सकाळ-संध्याकाळ ते त्या मेंढीच्या पायाला मलम लावायला जात होते.

सायलेन्सर फडताळावर गेला आणि केसपेपर नव्याने लिहिला गेला. आता तपासणी इंजिनापासून नाही, खुरांपासून सुरू झाली. टायर वरून कोरे दिसत होते, पण उभ्या उभ्या म्हातारे होऊन लाकडासारखे कडक झाले होते. ब्रेकचे रबरी पाइप आतून सैल पडलेले, त्यामुळे पायाचा निम्मा जोर पाइप फुगवण्यातच जिरत होता. उस्तादांना हे सगळं मिळमिळीत वाटलं. पळणाऱ्या गाडीला लोक बघतात, थांबणाऱ्या गाडीला कोण बघतं, असं ते म्हणत होते. पण दाजी हटले नाहीत. ब्रेकचे पाइप, पॅड आणि तेल आधी, मग टायर, मग खड्डे पोटात घेणारे शॉकॲब्सॉर्बर, असा क्रम त्यांनी लावला. कुणीतरी सुचवलं की गाडी आणखी खाली घेतली तर वळणावर छान चिकटते. त्यावर दाजींनी त्याला बोरी ते झरीचे सगळे गतिरोधक बोटांवर मोजून दाखवले.

प्रत्येक काम झालं की परीक्षा व्हायची. परीक्षेचं सामान म्हणजे काठोकाठ पाणी भरलेला पितळी तांब्या आणि तो मांडीवर धरून बसलेला मी. मोकळ्या रस्त्यावर दाजी वेग घ्यायचे आणि ब्रेक लावायचे. पहिल्या रविवारी मी छातीपर्यंत भिजलो. गाडी थांबली होती चोख, पण त्यांचा पाय अजून जुन्या ब्रेकच्या हिशेबाने दाबत होता. दुसऱ्या रविवारी मांडीपर्यंत भिजलो. टायर आणि शॉकॲब्सॉर्बर बसल्यावर एका रविवारी अंगावर थेंबही पडला नाही. गाडी सरळ रेषेत, कुणी पाठीवरून हात फिरवल्यासारखी, थांबली. दाजींनी माझ्या हातातला तांब्या घेतला आणि त्यातलं पाणी पिऊन टाकलं.

अक्का हे सगळं ओट्यावरून बघत होती. मग एका सकाळी भाजीची पिशवी घेऊन गाडीपाशी आली आणि म्हणाली, "आता थांबती का ही?"

"थांबती," दाजी म्हणाले.

ती बसली. बाजारात जाऊन आली. उतरताना तिने कमरेला हात लावला नाही, हे आम्ही दोघांनीही बघितलं.

इंजिनाचं काम यानंतर व्हायचं होतं. ते राहिलं, कारण दाजींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेचं दिसणं आधीच गेलं होतं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या पापण्या उलटून डोळे बघणाऱ्या या माणसाच्या ते लक्षात आलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली त्या दिवशी ते गोठ्यात जाऊन बसले. अक्काने त्यांना दुपारपर्यंत बसू दिलं. मग जाऊन म्हणाली, "मला शिकवा." तेव्हा ती एकोणसाठ वर्षांची होती आणि तिने सायकलही कधी चालवली नव्हती. शेताकडच्या वाटेवर दीड महिना शिकवणी चालली. ती चिडायची, गाडी बंद पाडायची, आणि ते शेजारी बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "क्लच लवकर सोडायलीस. जरा धीर धर."

गेल्या हिवाळ्यात मी मोटारसायकलवरून बोरीला चाललो होतो. गावाबाहेर ती डाळिंबी गाडी माझ्या पुढे दिसली. टप उघडा होता. अक्का हळूहळू चालवत होती, आणि मधूनमधून थांबून त्यांना सांगत होती, हरभऱ्याला घाटे धरायलेत, पलीकडं ज्वारी निसवली. दाजी त्या बाजूला तोंड करून मान हलवत होते. मी मागेच राहिलो. वारा माझ्याकडे होता, म्हणून त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"अगं, रस्ता मोकळा हाय का?"

"हाय."

"मग जरा पळव की."

अक्काने पुढे पाहिलं, मागे पाहिलं. मग डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला आणि गिअर टाकला. मीही वेग वाढवून बघितला, पण माझी मोटारसायकल तेवढी पळेना. दाजींचे पांढरे केस वाऱ्यावर उभे राहिलेले दिसले. मग नुसता आवाज ऐकू येत होता, आणि मग ज्वारीच्या पलीकडे तोही येईनासा झाला.