बायकोचं ऑपरेशन

इंजेक्शन भरून माझ्या हातात होतं आणि पेशंट कुशीवर वळायला तयार नव्हता. मुतखड्याची कळ अशीच असते. माणसाला बसवत नाही, झोपवत नाही. तानाजीराव कॉटची दांडी धरून उभेच होते.

मूळचे साताऱ्याकडचे, मार्केटमध्ये माथाडी. सकाळी गाडी खाली करताना उजव्या बाजूला कळ आली, तेव्हा मुकादमांनी टेम्पोत घालून आमच्या कॅज्युअल्टीत आणलं.

पेनकिलर देण्याआधी मी पाच गोष्टी विचारते: अ‍ॅलर्जी, दमा, अल्सर, किडनीचा आजार, स्वतःचं एखादं ऑपरेशन. पाचही वेळा त्यांनी नकारार्थी मान हलवली. आमच्या तरुण डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक लिहिलं. चूक काहीच नव्हती. मुतखड्यावर सहसा तेच आधी देतात. मात्र त्याने किडनीचा रक्तपुरवठा थोडा कमी होतो. धडधाकट माणसाला एक डोस बहुधा चालतो, किडनी अडचणीत असेल तर नाही.

शेवटी ते वळले. मी शर्ट वर केला. डाव्या कुशीत बरगडीखाली लांब व्रण होता.

"हे कसलं?"

"त्ये व्हय? बायकोचं ऑपरेशन."

"बायकोचं, आणि टाके तुम्हाला?"

"तिच्या दोन्ही किडन्या गेल्या हुत्या, सिस्टर. माझी एक दिली. मला काय झालं न्हवतं."

लघवी कधी झाली, विचारलं. काल संध्याकाळी. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

"दिलं का?" डॉक्टरांनी लांबूनच विचारलं.

"नाही सर. किडनी एकच आहे, आणि खडा तिथेच."

त्यांनी येऊन ऑर्डर खोडली. शिरेतून पॅरासिटामॉल लावलं. तेवढ्याने भागेना, तेव्हा त्याहून जालीम फेन्टानिल, मोजकंच, मॉनिटरवर लक्ष ठेवून. सोनोग्राफीत किडनी फुगलेली दिसली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम किती मागे पडलंय ते सांगणारा रक्ताचा आकडा, वाढलेला. युरॉलॉजिस्टना बोलावलं.

कळ जरा उतरल्यावर तानाजीराव हळूच म्हणाले, "तिला कळवू नका. तिला वाटंल, तिच्यापायी झालं."

पण मुकादमांनी फोन केव्हाच केला होता. सुशीलाताई जुईनगरहून आल्या, तोंडाला मास्क, हातात कागदांची पिशवी. पहिला प्रश्न मला.

"इंजेक्शन कुठलं दिलं?"

मी सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या आणि पिशवीतून नवऱ्याचं डिस्चार्ज कार्ड काढलं. डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर टाळा, असं त्यावर लिहिलेलंच होतं.

"माझ्या गोळ्यांच्या वेळा यांना पाठ हायत," त्या म्हणाल्या. "सोताचा कागद कधी उघडला न्हाई."

बाईंनी तानाजीरावांच्या पायावरची चादर सारखी केली आणि हात तिथेच ठेवला.

दुपारी स्टेंट टाकला. लघवीच्या वाटेने बारीक नळी खड्याच्या पलीकडे नेतात आणि तुंबलेली लघवी वाहती करतात. संध्याकाळी युरिन बॅग निम्मी भरली. सुशीलाताईंनी ती दोनदा वाकून पाहिली आणि मगच स्वतःच्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन उतरलं. खडा पुढे सवडीने काढला.

आता मी नुसतं ऑपरेशन विचारत नाही. अंगावर कुठे टाके आहेत आणि ते कुणासाठी घातले, असं विचारते. तानाजीराव खोटं बोलले नव्हते. स्वतःचं ऑपरेशन झालंय, हे त्यांच्या लेखी खरंच नव्हतं.