तीन ते पाचची पाळी

जालन्याहून निघालेल्या एसटीने साडेदहाला जाफराबादला उतरवले. पुढचा रस्ता काळीपिवळीने (प्रवासी जीप), सरकीच्या दोन पोत्यांवर पाय ठेवून कापला. जानेवारी सरत आला होता. दोन्ही बाजूंना कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, मध्येच गव्हाचा एखादा हिरवा तुकडा.

मला पाहायची होती एक सामाईक विहीर. तिचे वाटेकरी चार. गेल्या वर्षी त्यांनी विजेची मोटार काढून सौरपंप बसवला. पाण्याची पाळी मात्र जुनीच ठेवली: नऊपासून पाचपर्यंत, प्रत्येकी दोन तास.

पोचलो तेव्हा बारा वाजले होते. पाळी विठ्ठलआबांची, अकरा ते एकची. पाइप तोंड भरून वाहत होता. सत्तरीचे आबा कांद्यात दारं धरत होते (फावड्याने पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत होते). जवळ जाताना माझा बूट चिखलात रुतला.

"पत्रकार, चप्पल घालून यायचं," ते म्हणाले. "इथं पाणी हाय, सडक न्हाई."

जेवण पुष्पाबाईंकडे झाले. चौथा वाटा त्यांचा. पती जालन्यात शिक्षक, शेती त्या पाहतात. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि घोळाणा (कच्ची मेथी, कांदा, दाण्याचं कूट). त्यांचा गहू ओंबीत होता. शेवटचे सहा वाफे पाच दिवसांपासून कोरडे होते.

"अजून दोन दिवस पाणी न्हाई भेटलं, तर दाणा पोचट," त्या म्हणाल्या.

तीनला त्यांची पाळी सुरू झाली. साडेतीनपर्यंत पाणी बरे आले. मग ऊन तिरपे झाले, पातळ ढग आला आणि धार मनगटाएवढी उरली. आबा बांधावरून चालले होते. पुष्पाबाईंनी त्यांना हाक मारली.

"आबा, उद्या अकराची पाळी मला द्या."

"का? दोन तास तुला, दोन तास मला. बराबर तर हाय."

"बराबर हाय ना? मंग घ्या फावडं. एक वाफा भरून दाखवा."

"म्हाताऱ्याला कामाला लावती का?"

"म्हातारे कुठं? दुपारी तर पळून राह्यले होते कांद्यात."

आबा हसले आणि वाफ्याच्या तोंडाशी उभे राहिले. चुना लावून तंबाखू मळली, तोंडात टाकली. त्यांच्या रानात एक तंबाखू चघळून होईपर्यंत वाफा भरतो, असे त्यांनीच मला दुपारी सांगितले होते. इथे तंबाखू थुंकून झाली तरी पाणी वाफ्याच्या अर्ध्यातच जिरत होते. त्यांनी वर पाहिले, मग पाइपकडे.

"मोटार होती तवा असं न्हवतं," ते म्हणाले.

"मोटारीला ऊन लागत न्हवतं, आबा."

आबांनी अर्धवट भिजलेल्या वाफ्यात पाय टाकून पाहिला. मग म्हणाले, "उद्या अकराला तू लाव. मी तीनला घेतो."

"उद्याचं झालं. रोजचं बोला."

"बाकी दोघांना इचारू दे. मी एकटा काय पंच हाय?"

मुक्काम पुष्पाबाईंकडेच केला. सकाळी चौघे विहिरीवर जमले. नऊच्या पाळीवाला म्हणाला, सकाळची धारही बारीकच असते, आपण उगाच गप्प होतो. एकच्या पाळीवाला कुरकुरला; त्याचे काहीच बिघडत नव्हते. शेवटी ठरले: दर आठ दिवसांनी प्रत्येकाने एक पाळी पुढे सरकायचे, शेवटच्याने नऊवर यायचे. ते कोणी लिहून ठेवले नाही.

आबांच्या कालच्या शब्दाप्रमाणे अकराला पाणी गव्हात वळले. साडेबारापर्यंत सहाही वाफे भिजले, आणि पुष्पाबाईंनी उरलेला अर्धा तास आबांच्या कांद्याकडे सोडला.

परतीच्या बसमध्ये टिपणे चाळली. पंपाची ताकद, पॅनेलची संख्या, पाइपची लांबी, सगळे नोंदवले होते. येताना एवढेच विचारायचे असते असे वाटले होते. विहीर त्या चौघांची पूर्वीपासूनच होती. दुपार चौघांची व्हायला वर्ष लागले.