चौथ्या कोपऱ्यातला हौद

शुक्रवारी सकाळी डायरी चाळताना एका पानावर अडकले. पान जुनं, अक्षर माझंच: ‘पहिला कोपरा ठीक, दुसरा ठीक, तिसरा ठीक. चौथा – हौद.’

नव्या वाचकांसाठी सांगते. मी इंजिनिअर, मूळची साताऱ्याची, नोकरीमुळे तीन वर्षं सोलापुरात. अक्कलकोटपलीकडच्या एका गावात भूकंपाच्या धक्क्यात दगडमातीची जड छपरांची माळवदं बसली, तेव्हापासून आम्ही पाच-सहा इंजिनिअर सुट्टीला तिथं जातो. कमी खर्चातली, विटांची, हलक्या पत्र्याची घरं बांधायला फुकट मदत करतो. या घराचा सगळा जीव दारं-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यात असतो. त्यातल्या सळया कोपऱ्याकोपऱ्यात वळवून एकमेकींत गुंतवायच्या. एक जरी कोपरा सुटला तर भिंती फाकतात.

नीलव्वांच्या घराचा पट्टा ओतला त्या दिवशी मी तापानं पडले होते. शिवप्पा गवंडींनी तीन कोपऱ्यांचे फोटो पाठवले. “आणि चौथा? गुंतवला ना?” मी फोनवर विचारलं. “हौद, मॅडम, हौद,” ते म्हणाले आणि रेंज गेली. पाण्याचा हौद आडवा येतोय, नंतर बघू, असं समजून मी टिपलं आणि चक्क विसरले! वर शेवटच्या भेटीत नीलव्वांना छातीठोकपणे सांगून आले, “निर्धास्त झोपा.” नवरा माळवदाखाली गेल्यापासून ही बाई अंगणातल्या शेडमध्ये झोपते. सोमवारी त्यांची घरभरणी होती.

शिवप्पांचा फोन बंद. शनिवारी सोलापूर स्टँडवरून अक्कलकोटची एसटी धरली. तुम्ही गेलात तर सातच्या आत निघा, बसायला जागा मिळते. बायकांना अर्धं तिकीट. हमरस्ता झकास आहे. पुढं मात्र वडाप, म्हणजे शेअर जीप: माणशी चाळीस रुपये, आणि खच्चून भरल्याशिवाय हलत नाही. डब्यात कडक भाकरी अन् शेंगाचटणी होती, पण घास उतरेना.

“खावा की ताई,” शेजारच्या बाई म्हणाल्या, “जीप काय लवकर सुटत न्हाय.”

खाणार काय, कपाळ! डोळ्यांसमोर तो एकच कोपरा होता.

पोचले तर घराभोवती हौद कुठंच नाही. शिवप्पा ओट्याला गिलावा करत होते.

“हौद कुठंय?” मी धापा टाकत विचारलं.

“कसला हौद?”

डायरी पुढं केली. त्यांनी वाचलं आणि इतके हसले की हातातली थापी खाली ठेवावी लागली. “अवो मॅडम, आमच्या कन्नडात हौद म्हंजे व्हय! गुंतवला, आसं सांगितलं की मी!”

मलाही हसू आलं, पण अर्धंच. डोळ्यांनी कुठं पाहिलं होतं? “शिवप्पा, तो कोपरा फोडून बघायचाय.”

त्यांचा चेहरा पडला. “तीस वर्सं गवंडीकाम केलं. माझ्या शबुदावर इश्वास न्हाय?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून नीलव्वा म्हणाल्या, “फोड की रं शिवप्पा. मला बी बघायचंय.”

छन्नी चालू झाली, सिमेंटच्या कपच्या उडाल्या. मग सळया दिसल्या: दोन्ही भिंतींतून आलेल्या, कोपऱ्यात वळून एकमेकींत अडकलेल्या, तारेनं करकचून बांधलेल्या. मी शिवप्पांना हात जोडले. “ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

नीलव्वा पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आल्या. स्टुलावर चढून सळईला बोट लावलं. “आसंच उगडं ऱ्हाऊ द्या. पडल्या पडल्या दिसलं पायजे.”

गंज चढेल, झाकावंच लागेल, मी समजावलं. शिवप्पांनी मसाला भरला तेव्हा नीलव्वांनी ओल्या सिमेंटवर अंगठा दाबला. “आता कळंल कुटं हाय ते.”

परतीच्या जीपमध्ये भाकरी संपवली. घरी येऊन डायरीत मोठ्या अक्षरात लिहिलं: चार फोटो, नाहीतर सही नाही. शिवप्पांचा पडलेला चेहरा मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही, आणि तरीही मी पुन्हा तेच करीन.

मंगळवारी सकाळी फोन लावला. “अव्वा, आत झोपलात?”

“हौद.”

जिवात जीव आला. तरी तोंडातून गेलंच, “नक्की ना?”

“ये की मग पोरी,” त्या म्हणाल्या, “ह्ये बी फोडून बघ.”