वखारीतली सभा
साठवणीतला कांदा कुजायला लागला की त्याला एक उबट, गोडसर वास येतो, आणि तो आला की मी पुन्हा चाकणच्या त्या वखारीत जाऊन बसते. मी सातवीत होते आणि शाळेच्या मंत्रिमंडळात मुख्यमंत्री. स्वातंत्र्य नवं होतं, मुलांनी आतापासूनच कारभार शिकावा ही आमच्या गुरुजींची हौस. शाळा समितीचे अध्यक्ष कांद्याचे व्यापारी, म्हणून समितीची सभाही त्यांच्याच वखारीत भरायची. श्रमदान म्हणून ते आठवड्यातले दोन दिवस आम्हा मुलांकडून तिथला कांदा निवडून घेत. मुलांची त्याबद्दलची तक्रार मीच गुरुजींकडे नेली होती, आणि एका सभेला मला सोबत नेऊन त्यांनी ती समितीला वाचून दाखवली. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बोल पोरी, कांदा निवडायला तुमची काय हरकत हाय का?" दाराशी माझे वडील गोणी शिवत बसले होते; ते त्या वखारीत हमाल होते. त्यांचा हात थांबला. माझ्या पाठीमागे गोण्यांची थप्पी, सरकायलाही जागा नाही. गुरुजी हळूच म्हणाले, "घाबरू नकोस, तू मुख्यमंत्री आहेस." मी म्हणाले, "न्हाई, कुणाचीच हरकत न्हाई." वडिलांचा हात पुन्हा चालू लागला. गुरुजींनी कागदाची घडी करून खिशात ठेवली, आणि महिनाभरात त्यांची बदली झाली. पुढे मी मुख्याध्यापिका झाले. सभेत एखादं मूल "काही हरकत नाही" म्हणालं, की मी आधी दाराशी कोण बसलंय ते बघायची.